रस्त्यावरचं कॉलेज

सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चादर! मग शेंगाची चटणी, कडक भाकरी, संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा आणि मे महिन्यातलं डोकं तापवणारं ऊन. यातलं काहीच खोटं नाही. पण आज मी तुम्हाला ज्या सोलापुरात फिरवणार आहे, ते दुकानातून बांधून नेता येत नाही. ते चौकाचौकात भेटतं. त्यासाठी पायी चालायला हवं आणि मधूनमधून थांबून कान द्यायला हवा.

सोलापूर जसं गिरण्यांचं गाव, तसंच ते कॉलेजांचंही गाव. दयानंद कॉलेज १९४० साली निघालं, संगमेश्वर कॉलेज १९५३ साली, वैशंपायन मेडिकल कॉलेज १९६३ साली. बार्शी, करमाळा, अक्कलकोट, मंगळवेढा इथली मुलं एसटीनं यायची आणि खोली करून राहायची. कुणाकुणाचा जेवणाचा डबा सकाळच्या गाडीनं गावाहून यायचा, आणि तो उतरवून घ्यायला स्टँडवर ही गर्दी! भाषांचं तर विचारूच नका. वर्गात मराठी, खोलीवर कानडी, शेजारी तेलुगू आणि चौकात उर्दू. परीक्षेचा निकाल मात्र कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठातून यायचा. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली.

याशिवाय गावात आणखी एक कॉलेज होतं. त्याला ना फी, ना हजेरी, ना इमारत. ते भरायचं रस्त्यावर. चहाच्या टपरीपुढे, पार्क मैदानाच्या कडेला, गिरणीच्या फाटकाबाहेर. तिथं जाणाऱ्या मुलांना घरची मोठी माणसं एकच पदवी द्यायची, 'वाया गेलेला'!

केस वाढवले? वाया गेला. बेलबॉटम शिवली? वाया गेला. रात्री दहापर्यंत चौकात उभा राहून कविता म्हणतो? मग तर पुरताच वाया गेला! "काय करायलास बे इथं?" असं वडिलांच्या ओळखीच्या कुणी सायकल थांबवून विचारलं, की पोटात गोळा यायचा. कारण ती बातमी आपल्याआधी घरी पोचणार, हे नक्की असायचं.

या वाया गेलेल्यांची हकीगत ऐकायची, तर दोनशे वर्षांहून मागे जावं लागेल.

डफ घेतलेला मुलगा

पेशवाईचा काळ. सोलापुरातल्या एका विद्वान ब्राह्मण घरात राम नावाचा मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ मुद्गल हा पुराण सांगायचा. रामनं तेच करावं, अशी घराची अपेक्षा. पण रामचे कान लागले तमाशाच्या फडाकडे. तो लावण्या रचायला लागला आणि मग स्वतःच डफ घेऊन उभा राहिला.

यात एवढं काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. त्या काळचं जग डोळ्यांपुढे आणा. तमाशा करणारी माणसं बहुतेक अशा जातींतली, ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवायचं. डफ तर चामड्याचा. शास्त्र शिकलेल्या घरातला मुलगा त्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसतो, चामड्याला हात लावतो, ही त्या वेळच्या लोकांना नुसती खोडी वाटली नाही. घराची अब्रू गेली असं वाटलं. भावानं त्याला घराबाहेर काढलं, असं सांगतात.

राम पंढरपूरला गेला. तिथं त्यानं संस्कृताचा कसून अभ्यास केला आणि पंडित होऊन परतला. लोक म्हणाले, पोरगा सुधारला. पण कसलं काय! त्यानं पुन्हा डफ उचलला. आता त्याच्या लावणीत संस्कृत शब्द आले, कानडी आले, हिंदुस्तानी आले. पंडितांच्या घरात कोंडलेली विद्या त्यानं चौकात आणून ठेवली. हाच शाहीर राम जोशी. पुढे कवी मोरोपंतांच्या प्रभावानं तो कीर्तनाकडे वळला, असं म्हणतात. त्याच्या आयुष्यावर १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेनं 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला आणि तो गाजला. ज्या गावात तो अब्रू घालवणारा ठरला, तेच गाव आज त्याचं नाव अभिमानानं सांगतं.

टोपीचा गुन्हा

आता चला चार हुतात्मा चौकात. सोलापूरकर म्हणतात 'चार पुतळे'. रहदारी इतकी, की पुतळ्यांकडे वर बघायला फुरसत होत नाही. आपण बघू या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. यातले कुर्बान हुसेन हे तरुण पत्रकार होते. 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र ते चालवायचे.

१९३० सालचा मे महिना. मिठाचा सत्याग्रह सुरू होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरण्यांतले कामगार, विद्यार्थी, दुकानदार, सगळे रस्त्यावर. सरकारला दारूपासून मोठं उत्पन्न मिळायचं, म्हणून ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूची शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले. पोलिसांनी धरपकड केली, मग गोळीबार केला. शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात पडला. जमाव भडकला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली आणि तिथं पोलिसांचाही जीव गेला. हेही सांगायला हवं, कारण रस्त्यावरच्या रागाला अशीही एक बाजू असते.

त्यानंतरचे तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्य सोलापुरात नावापुरतंही उरलं नाही. अधिकारी बाजूला झाले आणि स्वयंसेवक रहदारी सांभाळू लागले. विचार करा, एवढ्या मोठ्या साम्राज्यात एक शहर, आणि त्याचे रस्ते चालवताहेत साधी पोरं!

१२ मे रोजी लष्करी कायदा लागला. तो ३० जूनपर्यंत टिकला. या काळात राष्ट्रीय झेंडा मिरवणं हा गुन्हा, आणि गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा! डोक्यावर काय घालावं यावरून माणसं तुरुंगात गेली. पुढे कुणी मुलांच्या लांब केसांवरून किंवा ढगळ विजारीवरून चिडलं, की मला हटकून ती टोपी आठवायची. दोन हातांचं पांढरं कापड, पण सरकारला त्याची धास्ती. कारण ते कापड घालणारा माणूस न बोलताच सांगत असतो, की तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

पोलीस चौकीच्या प्रकरणात या चौघांवर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यांचा त्या हत्यांशी संबंध नव्हता, असं सोलापूर आजवर मानत आलं आहे. चौघांची नावं पुन्हा एकदा वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चौकात उभ्या असलेल्या गर्दीला जात नव्हती.

बार्शीचा आवाज

सोलापूर जिल्ह्यातच बार्शी. तिथं १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. घरी गरिबी. आईकडून ओव्या ऐकल्या, ते त्याचं पहिलं गाणं. मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत कामाला लागला. संपात उतरला, तुरुंगात गेला. म्हणजे पुन्हा 'वाया गेला'! पण गळा असा पहाडी, की हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचायचा. हेच शाहीर अमर शेख. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४० च्या दशकात लाल बावटा कलापथक गाजवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या मैदानांत त्यांचा डफ कडाडला. १९६९ साली अपघातात ते गेले.

त्यांच्या मुलीचं नाव मलिका. ती पुढे नावाजलेली कवयित्री झाली. हे नाव लक्षात ठेवा, कारण आता आपण पार अमेरिकेत जाऊन पुन्हा तिच्याकडेच परतणार आहोत.

बूट काढून भाषण

कॅलिफोर्नियात बर्कली नावाचं गाव आहे. तेही कॉलेजचं गाव. विद्यापीठाच्या दाराशी, टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर मुलं टेबल मांडून पत्रकं वाटायची. काळ्या लोकांना समान हक्क मिळावेत, असं त्यात असायचं. १९६४ साली विद्यापीठानं याला बंदी घातली. १ ऑक्टोबरला टेबल मांडून बसलेल्या एका तरुणाला पोलिसांनी धरून गाडीत घातलं. झालं! शेकडो मुलं गाडीभोवती खाली बसली. गाडी ३२ तास जागची हलली नाही. तो तरुण आत आणि गाडीच्या टपावर एकामागून एक भाषणं! मारिओ सॅव्हिओ नावाचा विद्यार्थी टपावर चढला, तो आधी बूट काढून. कारण काय, तर गाडीचा पत्रा चेपू नये!

मला हे बूट काढणं फार आवडतं. विरोध कडक, पण गाडी आपल्या बापाची नाही याचं भान शाबूत.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या प्राध्यापकांनी मुलांच्या बाजूनं कौल दिला. ज्या पायऱ्यांवर ती आंदोलनं झाली, त्यांना १९९७ साली विद्यापीठानंच सॅव्हिओचं नाव दिलं. पुढे त्याच भागात हिप्पी आले. लांब केस, फुलाफुलांचे कपडे, युद्ध नको, बंगला-गाडी नको. त्यातले कित्येक भटकत भारतात आले. पण ते उतरले गोव्याला. सोलापूर त्यांच्या वाटेवर कुठलं असायला! सोलापूरला हिप्पी भेटले ते पडद्यावर. देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ साली आला आणि शिंप्यांकडे बेलबॉटमची रांग लागली. गंमत बघा, केस आले, विजारी आल्या, पण त्यामागचा प्रश्न बहुतेकांपर्यंत आलाच नाही.

प्रश्न आला तो दुसऱ्या वाटेनं. बर्कलीला अगदी लागून ओकलंड शहर आहे. तिथं १९६६ साली काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर नावाची संघटना काढली. तिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार असे विशीतले-तिशीतले कवी-लेखक तिच्यात होते. खेड्यापाड्यांत दलितांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध ही मुलं रस्त्यावर आली. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रहही त्याच वर्षी निघाला. या नामदेव ढसाळांशी लग्न केलं ते अमर शेखांच्या मलिकेनं! बघा, बार्शीचा डफ आणि ओकलंडचा पँथर असे एका घरात आले.

अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या बालपणाची भूक आणि अपमान 'अक्करमाशी' या पुस्तकात लिहिला. १९८४ साली ते प्रसिद्ध झालं. पुढे त्यांना त्यांच्या 'सनातन' या कादंबरीसाठी सरस्वती सन्मान मिळाला. गावानं ज्याला बाजूला बसवलं, त्यानं भाषेलाच मध्यभागी बसायला भाग पाडलं.

शाईचे हात

आमच्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९८० च्या दशकात, हे सगळं चौकात चहाबरोबर यायचं. दोन चहा आणि पाच जण! एक नवं पुस्तक आलं, की ते दहा हातांतून फिरून यायचं, तोवर त्याची पानं मोकळी झालेली असायची.

छापखाना परवडायचा नाही. मग सायक्लोस्टाइल! तुम्ही हे यंत्र पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. मेणाचा लेप दिलेला एक पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणायचे. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं. जिथं लेखणी फिरली, तिथलं मेण निघून जायचं. मग तो कागद शाई भरलेल्या रुळावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. मेण निघालेल्या जागेतून शाई झिरपायची आणि खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरं उमटायची. दांडा फिरवून हात दुखायचे आणि शाई दोन दिवस बोटांवरून जायची नाही. परीक्षेच्या पेपरला आमच्या बोटांचे ठसे उमटायचे!

असं आम्ही चौघांनी मिळून आठ पानांचं मासिक काढलं. किंमत पन्नास पैसे. त्यात कविता, गिरणी कामगारांच्या मुलाखती, चौकातल्या दिव्यांबद्दल तक्रार, असं काहीबाही असायचं. विकायचं कुठं? टपरीवर. चहावाल्या काकांना अक्षरओळख बेताची, पण मासिकांचा गठ्ठा ते बरणीच्या वर, कोरड्या जागी ठेवायचे.

आणि पथनाट्य! त्याला रंगमंच लागत नाही. आधी जागा बघायची. बस अडणार नाही, दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटणार नाही आणि तरी माणसं थांबतील, अशी. एकानं डफ वाजवायचा, दुसऱ्यानं आरोळी द्यायची. लोक गोळा झाले, की आपोआप रिंगण पडतं. रिंगणात नटाला पाठ नसते! जिकडे वळाल तिकडे कुणाकडे तरी तुमची पाठ होते, म्हणून सारखं फिरत बोलावं लागतं. एक पंचा पुरतो. डोक्याला बांधला तर पाटील, खांद्यावर टाकला तर शेतकरी, पदर घेतला तर सून. वीस मिनिटांत खेळ संपवायचा. सोलापुरात आणखी एक युक्ती होती. संवाद मराठीत, पण घोषणा तेलुगूत आणि कानडीतही द्यायच्या. तेलुगू घोषणा झाली, की मागच्या रांगेतून हसू फुटायचं, आणि आम्ही समजायचो की गर्दी आपली झाली.

हे काम खेळण्यासारखं दिसतं, पण खेळ नव्हे. सफदर हाश्मी हा दिल्लीचा पथनाट्य करणारा कलावंत. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूरमध्ये त्याच्या मंडळींचं 'हल्ला बोल' हे नाटक चालू असताना गुंडांनी हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सफदर गेला. वय अवघं ३४. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ जानेवारीला, त्याची पत्नी मलयश्री आणि बाकीचे कलावंत त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पुरं केलं. ही बातमी आली, त्या दिवशी आमच्या टपरीवर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पोरी कुठंयत?

आता जरा अवघड गोष्ट. शहराच्या पूर्व भागात विणकरांची वस्ती. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं. घराघरात माग, आणि उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. तिथं एकदा हुंड्याविरुद्धचं पथनाट्य झालं. पंचाचा पदर घेतलेली सून जळून मेली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "नाटक चांगलं हाय की. पण सुनेचं काम पोरगं कशाला करायलंय? तुमच्यात पोरी न्हाईत का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पोरी होत्या की! वर्गात होत्या, आमच्यापेक्षा हुशार होत्या. पण दिवेलागणीच्या आत त्यांना घरी जावं लागायचं. चौकात उभी राहिलेली मुलगी कुणाच्या ना कुणाच्या भावाला दिसायचीच. मुलगा चौकात गेला तर 'वाया गेला' म्हणायचे, पण रात्री त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मुलगी गेली तर तिचं कॉलेजच बंद! समतेची गाणी गाऊन घरी परतलेला मुलगा जेवायला वाढ म्हणून बहिणीलाच हाक मारायचा. त्या काळच्या रस्त्याच्या आठवणी सांगणारे पुष्कळ जण हे सांगायचं विसरतात.

खरं तर सोलापूरच्या रस्त्यावर सगळ्यांत चिवटपणे उभ्या राहिल्या त्या या विडी वळणाऱ्या बायकाच. त्यांचं काम कसं चालतं, ते ऐका. तेंदूची पानं भिजवायची, मापाचा पत्रा ठेवून कातरीनं कापायची, आत तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि टोक मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर. त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या, तर ती मेहनत फुकट. काम घरी बसून, म्हणजे शेजारणीला काय मजुरी मिळते हेही कळायची मारामार. पण वळलेल्या विड्या द्यायला आणि नवी पानं घ्यायला रोज कारखान्यावर जावं लागायचं, तिथं रांग लागायची. ती रांग हाच त्यांचा कट्टा! तिथं बोलणी व्हायची आणि तिथूनच मोर्चे निघायचे. डोक्यावर ऊन, काखेत पोर, हातात लाल झेंडा.

त्यांनी मागितलं काय? मजुरी आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांची सहकारी संस्था झाली आणि शहराजवळ कुंभारी इथं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकर यांचं. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिणाऱ्या त्याच गोदूताई. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरं दिली गेली. मग असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना आली. तिच्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली. सरकारं बदलली, पंतप्रधान बदलले, पण रस्त्यावर येणाऱ्या बायका त्याच.

आमची कित्येक मासिकं दोन-चार अंकांत बंद पडली. त्यांची घरं उभी आहेत.

आता तिथं काय आहे?

गिरण्या गेल्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी केव्हाच बंद पडली. लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगाही १९९० च्या दशकात थांबला. एके काळी त्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. सायक्लोस्टाइल भंगारात गेलं. शिकलेली मुलं पुण्याला आणि हैदराबादला जातात. चौकात मुलं आजही दिसतात, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

मोबाइलला मी नावं ठेवणार नाही. आम्हाला पन्नास प्रती काढायला सबंध रात्र लागायची, तुमची कविता एका मिनिटात पन्नास हजार लोकांपुढे जाऊ शकते. पण एक फरक सांगतो. मोबाइलवर बहुतेक वेळा आपल्यासारखंच बोलणारी माणसं पुढे येतात. चौकात कोण थांबेल, ते आपल्या हातात नसतं. तिथं मावशी थांबतात आणि विचारतात, पोरी कुठंयत?

दुसरं असं, की हल्ली मिरवणुकांत भिंतीएवढे कर्णे लावतात. छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. काही मुलांना वाटतं, हेच बंड! डफ आणि या भिंती यांत एक मोठा फरक आहे. डफ थांबला, की समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो. जुन्या शाहिरांचे सवाल-जवाब असेच व्हायचे. कर्ण्यांच्या भिंतीला कुणी काय उत्तर देणार? तिच्यापुढे सगळे नुसते बहिरे. आणि बूट काढून टपावर चढणारा तो मुलगा आठवा. शेजारच्या घरातलं आजारी माणूस ज्याला दिसत नाही, त्याच्या बंडाचा उपयोग कुणाला?

तुम्ही सोलापूरला गेलात, तर चादर जरूर घ्या, शेंगाची चटणीही घ्या. पण चार पुतळ्यांच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा आणि चारी नावं वाचा. मग अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीकडे जा. घरांच्या रांगाच रांगा दिसतील. एखाद्या उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या आजी भेटतील. त्यांना विचारा, पहिल्या मोर्चाला गेलात, तेव्हा घरचे काय म्हणाले होते?

सोलापूरला जाणं जमलं नाही, तर आपल्याच घरी चौकशी करा. प्रत्येक घराण्यात एखादा काका, एखादी आत्या अशी असते, की जिचं नाव निघालं की मोठी माणसं म्हणतात, "ती ना, वाया गेली होती." ती तेव्हा कुठल्या चौकात उभी होती आणि काय म्हणत होती, ते तिच्याच तोंडून ऐका. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही.